व्हेप ओढत असाल तर स्पीच थेरपिस्टना सांगा

भारतात ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे. तरीही व्हेप मिळतात आणि ओढले जातात. बंदीमुळे दवाखान्यात मात्र एक वेगळीच अडचण झाली आहे. सिगारेट ओढणारे रुग्ण विचारलं की सांगतात, व्हेप ओढणारे बहुधा सांगत नाहीत. काहींना कायद्याची भीती वाटते, तर काहींना ‘नुसती वाफ तर आहे’ असं वाटतं. डॉक्टरांना किंवा थेरपिस्टना सांगितलेली माहिती गोपनीय राहते, तेव्हा भीतीपोटी ती लपवू नका.

ती वाफ पाण्याची नसते. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल ओलावा शोषून घेतं, म्हणून घसा कोरडा पडतो. बोलताना आपल्या स्वरतंतूंची सेकंदाला साधारण १०० ते २०० कंपनं होतात. त्यासाठी त्यांच्यावर ओलसर थर लागतो. तो कोरडा झाला की माणूस नकळत जोर लावून बोलतो. थेरपिस्ट नेमकी हीच सवय मोडायला शिकवत असतात! शिवाय निकोटीनमुळे अन्ननलिकेच्या खालची झडप सैल होते, आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज जड होतो.

मला जास्त काळजी वाटते ती गिळण्याची. पक्षाघातानंतर किंवा घशाच्या शस्त्रक्रियेनंतर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अशा वेळी ठसका हा आपला पहारेकरी असतो. २०१६ साली अमेरिकेत धूम्रपान न करणाऱ्या ३० निरोगी व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात, एकदाच ई-सिगारेट ओढल्यावरही खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया काही काळ मंदावलेली दिसली. हा अभ्यास लहान होता, रुग्णांवरचा नव्हता, हे खरं. पण ज्याचं गिळणं आधीच कमकुवत आहे, त्याने ही जोखीम का घ्यावी? ‘जेवताना आता ठसका लागत नाही’ म्हणून घरचे निश्चिंत होतात. ठसका न लागताही पाणी फुप्फुसात उतरू शकतं. जेवणानंतर आवाज घरघरल्यासारखा किंवा ओला येत असेल, वारंवार ताप येत असेल, दम लागत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

पाकिटावर ‘निकोटीन नाही’ लिहिलं असलं तरी विश्वास ठेवू नका. चोरून विकल्या जाणाऱ्या मालाची तपासणी कोण करणार?

थेरपिस्टना व्हेप कोणता, दिवसातून किती वेळा आणि शेवटचा कधी ओढला एवढं सांगा. त्यावरून व्यायाम, पाणी पिण्याचं प्रमाण आणि गिळण्याची तपासणी ठरवता येते. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर थेरपी सुरू असली तरी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या. निकोटीन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत सल्ला मिळतो.