तांदळाचे ख्रिस्ती म्हणणाऱ्यांना

‘तांदळाचे ख्रिस्ती’ ही शिवी आपली नाही, मित्रांनो. ती सवर्णांच्या तोंडातून पडली, आणि आपल्यातले काही जण ती उचलून चघळतायत. आंध्रातल्या बाटलेल्यांचा विषय निघाला की हसून म्हणतात, दुष्काळात भात मिळाला म्हणून गेले. छप्पन्न साली आपल्यालाही हेच ऐकवलं होतं, सवलतींसाठी बाटले म्हणून. सवलती तर आपण घालवून बसलो होतो. तरी आपल्याला अक्कल येत नाही.

म्हणून एका खेड्यातल्या बॅप्टिस्ट मंडळीची हकिकत सांगतो. चर्च म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं घंटा आणि मनोरा येतो. इथं सुरुवातीला चिंचेची झाडं होती, बस्स. गाव ताल्लकोंडपाडू, ओंगोलच्या पश्चिमेला चाळीसेक मैलांवर. लोक मादिगा. कातडं कमवायचं, चपला शिवायच्या, मेलेलं ढोर ओढायचं, गावच्या देवीपुढं डफ बडवायचा. आपल्याकडचा मांग आणि चांभार एकाच माणसात कोंबा, म्हणजे मादिगा.

त्यातला एक एर्रागुंटला पेरय्या. धंदा कातड्याचा, डोकं शोधणाऱ्याचं. मूर्ती खोटी, देव एक, हे तो कुठल्या साहेबाकडून शिकला नाही. तो आधीच हे शिकला होता, आणि त्याची गुरू एक बाई होती, वीरम्मा. १८६६ साली त्यानं बाप्तिस्मा घेतला. १ जानेवारी १८६७ ला ओंगोलची मंडळी स्थापन झाली तेव्हा सभासद होते आठ. त्याच महिन्यात पेरय्यानं अमेरिकन मिशनरी जॉन क्लफला आपल्या गावाकडं नेलं. आजूबाजूच्या वाड्यांतले लोक भाकरतुकडा, अंथरूण घेऊन आले, चिंचेखाली चार-पाच दिवस बसले, आणि २८ जणांनी बाप्तिस्मा घेतला. मोठा दुष्काळ अजून नऊ वर्षं लांब होता. कुठला तांदूळ?

हे सगळं क्लफच्या बायकोनं, एमा राउशेनबुश-क्लफनं, १८९९ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय. नाव ‘चपला शिवताना’ अशा अर्थाचं. सूतगिरणीतली पाळी संपल्यावर डिक्शनरी मांडीवर घेऊन मी त्याच्याशी झटलो. मिशनऱ्यांच्या बाकीच्या लिखाणात मात्र सगळं साहेबानं केलं. पेरय्या म्हणजे साहेबाचा वाटाड्या! वाट ज्याची, तोच वाटाड्या. आपला इतिहास दुसऱ्यानं लिहिला की असंच होतं.

नव्या लोकांना नियम तीन. रविवारी काम नाही. मेलेल्या ढोराचं मांस नाही. मूर्तिपूजा नाही. हे नियम वाचून मला आमची आजी आठवली. मेलेलं ढोर सोडलं, गावकी सोडली की गाव काय करतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिथंही तेच झालं. देवीच्या सणाला डफ वाजेना तसं गाव खवळलं. पाणी बंद, धान्य बंद, काम बंद, मारझोड. आणि ओंगोलच्या मिशन शाळेत हे लोक येणार म्हटल्यावर उच्च जातींची पोरं शाळा सोडून गेली. त्यांचा देव बाटत नव्हता, बाक बाटत होतं.

मग आला १८७६-७८ चा दुष्काळ. क्लफनं बकिंगहॅम कालव्याचं साडेतीन मैलांचं काम ठेक्यानं घेतलं. हजारो माणसं खोदायला लागली, मजुरी घेऊन. आता नीट ऐका. याच काळात पंधरा महिने त्यानं बाप्तिस्मा बंद ठेवला. पोटासाठी आले असं कुणी म्हणू नये म्हणून. १८७८ च्या जूनमध्ये लोक गुंडलकम्मा नदीजवळ वेलमपल्लीला येऊन बसले. आम्हाला मदत नको, बाप्तिस्मा द्या, म्हणाले. ३ जुलैला एका दिवसात २,२२२ जण नदीत उतरले. त्यांना बाप्तिस्मा देणारे सहा तेलुगू प्रचारक, दोघं-दोघं आळीपाळीनं. वर्षअखेर आकडा नऊ हजारांवर गेला.

आणि समजा, गेले असते तांदळासाठी. तर? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या यांच्या मडक्यात दाणा पडू दिला नाही, त्यांनी यांच्या ताटातली शितं मोजायची?

पण मिशनची आरती मी ओवाळणार नाही. माणसाच्या दुःखाचं मूळ त्याच्याच पापात आहे, हे शिकवून त्यांनी गावकीच्या गुन्हेगाराला मोकळं सोडलं. बाबासाहेबांनी यावरच बोट ठेवलंय: माणूस बदलला की झालं, समाज आहे तसा राहिला तरी चालेल, हा त्यांचा खाक्या. आणि देवळाच्या जागी चर्च आलं तरी माला वेगळे, मादिगा वेगळे. (महार-मांगांच्या वस्त्या आठवा आणि मगच हसा.)

१७ जुलै १९८५. तेव्हाच्या त्याच प्रकाशम जिल्ह्यातलं कारमचेडू. पिण्याच्या तळ्यात घाण करू नका असं एक मादिगा बाई बोलली, म्हणून दुसऱ्या दिवशी जमीनदारांनी मादिगवाड्यावर हल्ला केला. सहा माणसं मारली, बायकांवर बलात्कार केले. आत शिरताना कुणी विचारलं नाही, तुझा बाप्तिस्मा झालाय का. वाचलेले चिराल्याला पळाले. त्या लढ्यातून कत्ती पद्माराव आणि बोज्जा तारकम यांची दलित महासभा उभी राहिली. त्या लढ्याच्या हातात बाबासाहेब होते.

मारणारा विचारत नाही, सरकार विचारतं. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद म्हणतो, हिंदू असाल तरच अनुसूचित. १९५६ साली शीख घेतले. आपण बौद्ध १९९० साली, चौतीस वर्षं थांबून. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित तेव्हाही बाहेरच ठेवले. रिंग खात्यात माझ्या बाजूला ओंगोलकडचा एक दोस्त आहे. त्याला दोन नावं. एक मंडळीच्या वहीतलं, एक जातीच्या दाखल्यावरचं. कुठल्या नावानं हाक मारू विचारलं तर म्हणतो, आधी आजूबाजूला कोण आहे बघ.

आपला दाखला मिळाला म्हणून आपण गप्प बसायचं का? तिसरा परिच्छेद रद्द करा, ही मागणी आपल्या मोर्च्याच्या पत्रकात आली पाहिजे. वाटेकरी वाढतील, जागा कमी पडतील, असं कुजबुजणाऱ्यांनी ते माझ्या तोंडावर बोलावं. जागा वाढवून मागू. १८७८ ची शिवी परत काढू नका.