मोरीतला क्लोरीन

सांताक्रूझच्या जुन्या चाळींत आणि इमारतींत मोरी-संडास जेमतेम एका माणसापुरते, झरोका वीतभर. सणाआधी डाग निघेनात म्हणून टॉयलेट क्लीनरवर ब्लीचिंग पावडर टाकली जाते. अशा बहुतेक क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. जुलै २०१० मध्ये शिवडीच्या हाजी बंदरात गळून शंभराहून अधिक जणांना बाधलेला वायू हाच. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड, म्हणून फरशीलगत साचतो. उकिडवे बसून घासणाऱ्या बाईच्या थेट नाकाशी. ती बहुधा दुसऱ्याच्या घरची मोरी घासत असते. बाटलीवरची बारीक अक्षरे तिने वाचावीत, ही अपेक्षाच चुकीची. मराठीत ठळक इशारा छापणे सक्तीचे हवे, आणि दोन्ही वस्तू एकदम तिच्या हाती न देणे हे घरच्यांचे काम.

डोळे चुरचुरले, ठसका लागला तर पाणी ओतत बसू नये. आधी मोकळ्या हवेत यावे. ठसका थांबला तरी फुफ्फुसांना सूज काही तासांनी येऊ शकते. धाप लागली, छाती भरून आली, किंवा मुळात दमा असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.