बॅटरी उतरत नाही, आपण उतरवतो

पावसाळ्यातला वीकेंड आला की पुण्यातल्या अर्ध्या आयटीवाल्यांना डिंभ्याची आठवण येते. मंचर, घोडेगाव, मग डिंभे. घोड नदीवरचं धरण, मागे लांबवर पसरलेलं पाणी, पुढे भीमाशंकरचे डोंगर. जरूर जावं. माझं भांडण आहे ते रस्त्याच्या कडेला गाडी लावून, चारही दारं उघडून, इंजिन बंद करून दोन-दोन तास गाणी बडवणाऱ्यांशी. कारण संध्याकाळी हीच मंडळी म्हणतात, "बॅटरी अचानक उतरली यार!"

अचानक? अहो, शाळेतलं गणित आहे हे.

लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. कंपनीचा साधा स्टिरिओ हळू आवाजात एक-दोन अँपिअर खातो. अर्धा तास ऐका, फोन चार्ज करा, काही बिघडत नाही. पण आपल्याला ॲम्प्लिफायर आणि सबवूफर लागतो ना! तो मोठ्या आवाजात सहज ८ अँपिअर ओढतो. त्यात किल्ली 'ऑन'वर ठेवली की आणखी दोन-तीन. दोन तासांत २० अँपिअर-तास गेले. बॅटरी तीन वर्षांची असेल तर तिच्यात मुळात ३५ उरलेलेच नसतात. मग स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर मागतो, आणि बॉनेटखालून नुसतं टक-टक ऐकू येतं.

यावर ठरलेलं उत्तर: "बॅटरी कंपनीच भंगार." नाही हो. गाडीच्या बॅटरीतल्या शिशाच्या प्लेट्स पातळ असतात, कारण तिचं काम क्षणभर जोरदार करंट देऊन इंजिन फिरवणं. तासन्‌तास वीज पुरवायला घरच्या इन्व्हर्टरची जाड प्लेट्सची बॅटरी असते. गाडीची बॅटरी वारंवार पूर्ण उतरवली की प्लेट्सवर सल्फेट घट्ट बसतं, आणि ती क्षमता परत येत नाही.

दुसरं उत्तर: "मग दहा मिनिटं इंजिन चालू ठेवू." २० अँपिअर-तास दहा मिनिटांत परत भरायचे तर १२० अँपिअर लागतील. उभ्या गाडीचा अल्टरनेटर एवढे देत नाही आणि बॅटरी घेतही नाही. धूर मात्र होतो.

लॅपटॉपवर १० टक्के दिसले तर आपण चार्जर शोधत धावतो. बहुतेक गाड्यांचा डॅशबोर्ड टक्के दाखवत नाही, म्हणून बॅटरी अक्षय आहे असं समजायचं?

आणि खरा राग पुढे आहे. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव नाव मिळालं, ते गावच या धरणाच्या पाण्याखाली गेलं. आजूबाजूच्या लोकांनी जमिनी गमावल्या. आपण त्यांच्या कानाशी दिवसभर गोंगाट करायचा आणि अंधार पडल्यावर त्यांनाच म्हणायचं, "दादा, जरा धक्का मारता का?" ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्यानेही सुरू होत नाही. मागच्या सीटवर आई-वडील, बाहेर धुकं, पाऊस, आणि हॅझर्ड लाइट लावायलाही करंट नाही. याला कोणी दुर्दैव म्हणू नये.

तेव्हा मंडळी, गाडी उभी केली की दिवे बंद, किल्ली बाहेर, दारं लावलेली. गाणी ऐकायचीच असतील तर चालत्या गाडीत ऐका. डिंभ्याला पावसाचा आवाज आहेच की, आणि तो शून्य अँपिअर खातो.