स्वीकारलेल्या ओळी मोजून काय कळणार?

कोडिंगसाठी एआय सहायक घ्यावा की नाही, हे ठरवताना कंपन्यांच्या बैठकांत दोन पुरावे हमखास पुढे येतात. एक, सहायकाने सुचवलेल्यापैकी किती कोड डेव्हलपरांनी स्वीकारला त्याची टक्केवारी. दुसरा, ‘आमचा वेळ वाचतो’ ही डेव्हलपरांचीच साक्ष. या दोन्हींवर विसंबून टीमची कामाची रीत बदलणे ही बेपर्वाई आहे.

आधी साक्षीचे पाहू. मेटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांची त्यांच्या रोजच्या प्रकल्पांतल्या २४६ कामांवर परीक्षा घेतली. कोणत्या कामाला एआय वापरायचे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. काम २४ टक्के लवकर होईल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि सगळे संपल्यावरही आपला २० टक्के वेळ वाचला, असेच ते सांगत होते. ही माणसे प्रामाणिक होती आणि आपल्या कामात मुरलेली होती. तरीही स्वतःच्या वेगाचा अंदाज त्यांना आला नाही.

मग टक्केवारी तरी भरवशाची? कोपायलट हा सहायक बनवणाऱ्या गिटहबच्याच संशोधकांना २०२२ मध्ये आढळले की, स्वीकाराचे प्रमाण सर्वाधिक जुळते ते डेव्हलपरला वाटणाऱ्या उत्पादकतेशी. म्हणजे पुरावे दोन नव्हेतच. एकाच भावनेची ती दोन रूपे. शिवाय सकाळी स्वीकारलेली आणि संध्याकाळी खोडलेली ओळही त्या आकड्यात जमाच राहते.

कोपायलटच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा प्रयोग खरा आहे: जावास्क्रिप्टमध्ये एचटीटीपी सर्व्हर लिहिण्याचे काम सुमारे ५६ टक्के लवकर झाले. पण ते काम कोऱ्या फाइलीपासून सुरू झाले होते. दहा वर्षे जुन्या बिलिंगच्या कोडमध्ये, मूळ लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असताना, हाच आकडा लागू होईल असे कोणी गृहीत धरू नये.

यावरून ‘एआय नकोच’ म्हणणाऱ्यांचेही मला पटत नाही. मेटरची पाहणी लहान होती, तेव्हाची साधने आता मागे पडली आहेत, आणि अनोळखी भाषेत काम करताना किंवा टेस्ट लिहिताना निकाल वेगळा लागू शकतो.

म्हणून परीक्षा आपल्याच बॅकलॉगवर घ्यावी. प्रत्येक तिकिटाला चिठ्ठी टाकून ‘एआयसह’ किंवा ‘एआयविना’ ठरवावे. तिकीट हाती घेतल्यापासून कोड प्रॉडक्शनमध्ये जाईपर्यंतचा वेळ धरावा, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्याच कोडवर करावी लागलेली दुरुस्तीही त्यात मिळवावी. नव्या आणि जुन्या डेव्हलपरांचे आकडे वेगळे ठेवावेत. सुरक्षेची तपासणी तर टाळूच नये: न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मुद्दाम जोखमीचे प्रसंग देऊन कोपायलटकडून १,६८९ प्रोग्रॅम लिहून घेतले, तेव्हा सुमारे ४० टक्क्यांत सुरक्षेच्या त्रुटी निघाल्या.

सगळ्यात आधी रिव्ह्यू करणाऱ्यांचे तास नोंदवायला लागा. लिहिणाऱ्याचे वाचलेले श्रम बहुधा त्यांच्याच डोक्यावर येऊन पडतात, आणि आज ते फारसे कोणी मोजत नाही.