चुना लावणारा पाहिजे

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले पूर्वज सांगून गेले. पूर्वज मोठे धोरणी! त्यांनी घरे बांधून पाहिली, लग्ने करून पाहिली, आणि घर दुरुस्त करून पाहण्याचे काम तेवढे आमच्यासाठी राखून ठेवले.

आमचे घर पुण्यात, पेठेत आहे. कुठल्या पेठेत ते सांगत नाही. सांगितले की बाकीच्या पेठांतले वाचक लगेच पान उलटतील. त्याला वाडा म्हणतात. आता वाडा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे शनिवारवाडा उभा राहतो. आमचा वाडा म्हणजे रस्त्याच्या बाजूने साडेतीन खण रुंद आणि मागे पोस्टाच्या लांबट पाकिटासारखा आत गेलेला एक प्रकार आहे. दगडी जोते, सागवानी खांब, विटामातीच्या भिंती, वर कडीपाट आणि त्यावर कौले. आळीतली सगळी घरे प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखी खांद्याला खांदा लावून उभी. दोन घरांत मिळून भिंत एकच. शेजाऱ्यांनी त्यांच्याकडे खिळा ठोकला की आमच्याकडचा गणपती मान हलवतो.

अशा घरांबद्दल समाजात दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, ‘पाडा!’ दुसरा म्हणतो, ‘अहाहा!’ पाडा-पक्षाकडे नकाशे असतात, अहाहा-पक्षाकडे कॅमेरे असतात. अहाहा-पक्षातली मंडळी रविवारी सकाळी येतात, आमच्या देवळीचा फोटो काढतात, ‘काय हो तुमचं भाग्य!’ म्हणतात आणि कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर लिफ्टने परत जातात. या दोन्ही पक्षांचे एकमेकांशी हाडवैर आहे असा समज आहे. माझे म्हणणे असे, की हे दोघे आतून एकच आहेत. कारण मे महिन्यात कौले चाळायला शिडी लावली की दोघांपैकी एकही वर चढत नाही.

आणि सगळा मुद्दा त्या शिडीचा आहे. म्हातारपणामुळे घर पडत नाही, चाळणी थांबली की पडते. शनिवारवाडा १८२८ साली आगीत गेला. त्याला निदान आग लागावी लागली. आमच्या वाड्यांना एक फुटके कौल पुरते. कौल फुटले की पाणी वाशावर, वाशावरून तुळईच्या टोकावर, आणि टोक भिंतीत असल्यामुळे ते कुजतेय हे कुणाला दिसतच नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठचे कितीतरी वाडे बसले. आमच्या घराच्या जोत्याला पाणी लागले आणि घर उभे राहिले. एवढ्या पुराला जे जमले नाही ते आमच्या माजघरावरच्या एका कौलाने चार पावसाळ्यांत करून दाखवले.

आमची खरी कथा सुरू झाली ती शेजारचे घर पाडले तेव्हा. त्यांचे भागीदार एकमताने विकायला तयार झाले. पेठेत ही घटना धूमकेतूइतकी दुर्मिळ. चैत्रात घर गेले, आणि इतकी वर्षे आत राहिलेली आमची सामाईक भिंत एकदम चव्हाट्यावर आली. जन्मात कधी पाऊस न पाहिलेली भिंत ती! तिला बाहेरून गिलावा नाही, वर वळचण नाही. मृगाच्या पहिल्या सरीला तिने जे पाणी प्यायला सुरुवात केली ती थेट नवरात्रापर्यंत. आतून माजघरात ओल आली. आधी ती मुंबईच्या नकाशाएवढी होती, दसऱ्यापर्यंत तिने महाराष्ट्र व्यापला.

‘अहो, भिंत रडतेय!’ सौ. म्हणाली.

मी एक कंत्राटदार आणला. त्याने भिंतीवर थाप मारली, ‘सिमेंट करून टाकू साहेब, पन्नास वर्षं बघायला नको,’ म्हणाला आणि चाळीस हजार रुपये घेऊन आतून बाहेरून करकरीत सिमेंटचा गिलावा मारून गेला. भिंत पंचतारांकित दिसू लागली. मी येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवत होतो. दुसऱ्या पावसाळ्यात ओल पुन्हा आली, आणि ती पहिल्यापेक्षा दोन हात वर आली. मग गिलाव्याला फुगे आले, लोणा फुटला, आणि एका रात्री पोळीएवढा एक तुकडा सुटून आमच्या मिसळणाच्या डब्यात पडला. पन्नास वर्षे बघायला नको ही भविष्यवाणी खरी ठरली. त्या भिंतीकडे आम्हांला बघवेना.

तेव्हा खालच्या काकूंनी त्यांच्या ओळखीचा एक म्हातारा गवंडी बोलावला. खालच्या काकू म्हणजे आमच्या भाडेकरू. एकट्या असतात, गुडघे दुखतात, आणि आमच्या घराबद्दल आमच्यापेक्षा जास्त माहिती त्यांना आहे. गवंड्याने बोटाच्या पेराने भिंत वाजवली. पोकळ आवाज आला.

‘ह्याला कुणी केलं सिमेंट?’

‘मीच करून घेतलं.’ माझी मान खाली.

‘भावसाहेब, तुम्ही भिंतीला रेनकोट घातलाय. आतून घाम येणारच की.’

मग त्याने जे सांगितले ते मला बी.कॉम.ला कुणी शिकवले नव्हते. जुन्या विटा मऊ, मधे माती. अशी भिंत जमिनीतून पाणी ओढतेच ओढते. तिच्यावर चुन्याचा गिलावा असला तर ते पाणी त्यातून वाळून जाते. सिमेंट ते पाणी कोंडून धरते. कोंडलेले पाणी वाट शोधत वर चढते, आणि वर त्याला तुळईचे टोक भेटते. शिवाय भिंत मऊ आणि गिलावा टणक. म्हणजे मवाळ नवऱ्याला कडक बायको. (हे वाक्य गवंड्याचे आहे, माझे नाही. सौ. हे वाचणार आहे.) दोघांचे जमत नाही आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटून येतो. ‘सिमेंट वाईट नाही,’ तो म्हणाला, ‘सिमेंटच्या घराला चांगलं हाय. ज्याचं त्याला.’

उपाय सोपा होता. सगळे सिमेंट खरवडायचे, बाहेरून वर पत्र्याची वळचण काढायची, भिंत वाळू द्यायची आणि चुना लावायचा. एवढेच. आणि इथेच घोडे अडले, कारण चुना लावणारा माणूसच मिळेना! आजवर मला चुना लावणाऱ्यांची यादी केली तर बँकेचे एक लेजर भरेल. नातेवाईकांनी लावला, कंत्राटदाराने लावला, एका विमा एजंटाने तर दोन हात लावला. पण भिंतीला लावायचा म्हटल्यावर अख्ख्या पेठेत माणूस नाही! आमच्या गवंड्याचे हात थरथरतात. त्याचा मुलगा फरशीच्या दुकानात आहे. कळीचा चुना विरवायचा, दिवसच्या दिवस भिजत ठेवायचा, वाळू आणि सुरखी घालून घाणीत मळायचा, गुळाचे पाणी शिंपडायचे, एवढा वेळ कुणाकडे आहे? माजघरात टीव्हीवर दोन मिनिटांत घर बांधून देतात.

पैशाचे म्हणाल तर मी आमच्याच बँकेत कर्जाला अर्ज केला. पलीकडच्या टेबलावरच्या साहेबाने विचारले, ‘इमारतीचे वय?’

‘दीडशेच्या आसपास.’

‘उरलेले आयुष्य?’

‘तुमच्यापेक्षा जास्त.’

अर्ज नामंजूर झाला. मिळकत पत्रिकेवर नऊ नावे असल्याचे कारण लिहिले होते, पण खरे कारण मला ठाऊक आहे.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या खुंटीला बांधून टाकली. पुढे १९९९ चा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मालकाला दरसाल ४ टक्के वाढ मिळाली. काकूंचे भाडे तेव्हा २० रुपये होते. चक्रवाढीने पंचवीस वेळा वाढवले तरी ५३ रुपयांच्या पुढे जात नाही. दुसरीकडे तोच कायदा म्हणतो, दुरुस्ती मालकाने करावी. न केल्यास भाडेकरूने १५ दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पण वळता करायचा किती? वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत. म्हणजे ५३ गुणिले बारा भागिले चार. साधारण १६० रुपये. १६० रुपयांत गवंडी येत नाही, गवंड्याचा चहा येतो. मालक म्हणतो, ह्या भाड्यात मला परवडत नाही. भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही. दोघांचेही खरे आहे, आणि पाऊस दोघांच्या डोक्यावर सारखाच पडतो.

पाडा-पक्षाच्या गृहस्थाने मला एकदा हिशेबात पकडण्याचा प्रयत्न केला. ‘तुम्ही बँकेतले. घसारा म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको. घराची किंमत वर्षावर्षाला कमी होत शून्यावर येते.’ मी म्हटले, ‘घसाऱ्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत दरवर्षी सारखी रक्कम वजा करतात, तिथे शून्य येते. दुसरीत उरलेल्या किमतीवर टक्के काढतात. शंभराचे नव्वद, नव्वदाचे एक्याऐंशी. ह्या पद्धतीत प्रलयापर्यंत शून्य येत नाही. आमचे वाडे दुसऱ्या पद्धतीचे आहेत!’ त्यांनी पुढच्या आठवड्यात बाल्कनीसह तीन खोल्यांचा नकाशा पाठवला.

तो नकाशा टेबलावर आहे. आठ भागीदारांच्या सह्या झाल्या आहेत; त्यांतला एक न्यू जर्सीत असतो आणि त्याला ‘पिढीजात वाड्याची फार आठवण येते’. उरली माझी सही. मी हटवादी नाही. ज्या घराची तुळईच गेली आहे, जिथे जिना चढताना म्हाताऱ्या माणसाचा जीव टांगणीला लागतो, तिथून आधी माणसे बाहेर काढा आणि घर खुशाल उतरवा. पण ते घर त्या थराला गेले कसे, हा जाब कोण देणार? वर्षाला दहा-पंधरा हजारांची चाळणी हा महसुली खर्च, तो कुणीच करत नाही. मग घर मोडकळीला येते, पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक म्हणून नोटीस लागते, आणि तीच माणसे कोटींच्या भांडवली खर्चाला एका रात्रीत एकत्र येतात. नोटिशीवर घराचे नाव असते. माझे म्हणणे, नोटिशीवर भागीदारांची नावे घालावीत. धोकादायक आम्ही आहोत. मीसुद्धा, चार पावसाळे ते कौल मी खालून पाहत होतो आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत होतो.

आणि रांगेतले एक घर पाडले की दोन शेजाऱ्यांच्या भिंती उघड्या पडतात. उद्या आमचे गेले की पलीकडच्या देशपांडी वळणाच्या त्या बुटक्या घराची भिंत पाऊस पिऊ लागेल. मग त्यांच्याकडे कंत्राटदार येईल, थाप मारील आणि म्हणेल, ‘पन्नास वर्षं बघायला नको.’

गेल्या महिन्यात मी सिमेंट खरवडून घेतले. सत्तर हजार रुपये गेले. भविष्य निर्वाह निधीला तेवढे भगदाड पडले. वळचण झाली आहे. भिंत वाळते आहे. तुळईचे टोक हातभर कापून नवे सागवान जोडले. गवंडी रोज संध्याकाळी येतो, खुर्चीवर बसतो आणि भिजत टाकलेल्या चुन्याकडे बघतो. काकू त्याला चहा देतात; त्या चहाचा खर्च त्यांनी अजून भाड्यातून वळता केलेला नाही.

सही मी केलेली नाही. मृग लागायला पाच आठवडे उरले आहेत. तेव्हा अहाहा-पक्षातल्या मंडळींनी या रविवारी कॅमेरा घरी ठेवून यावे. शिडी आमची आहे. आणि वाचकांपैकी कुणाच्या माहितीत असल्यास:

पाहिजे – चुना लावणारा. वयाची अट नाही. अनुभव भिंतीचाच हवा. माणसांना लावण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया अर्ज करू नयेत, त्या जागा भरलेल्या आहेत.