गाडीची पाटी, मुलाची मदत

मैत्रिणींनो, आपल्याकडे आवडीच्या नंबरासाठी आरटीओत जादा पैसे मोजतात; ते जातात सरकारी तिजोरीत. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने १९८७ मध्ये चॅलेंजर यानाच्या स्मरणार्थ खास पाटी काढली. पुढे अशा कितीतरी निघाल्या. त्यांतली एक स्वमग्न मुलांसाठी, म्हणजे ज्याला ऑटिझम म्हणतात त्यासाठी. पाटीपायी वर्षाला २५ डॉलर जादा भरायचे आणि ते स्वमग्नांच्या सेवांसाठी अनुदान म्हणून द्यायचे, अशी रीत.

सिग्नलला मागच्या गाडीतली बाई पाटी वाचते, घरी विचारते, "हे काय गं असतं?" हेही थोडं नाही. पण मला विचाराल तर खरं मोल त्या डॉलरांचं. नुसत्या जागृतीने आईच्या हाती काय पडतं? बोलायला शिकवणारे, वागणूक समजून घेणारे तज्ज्ञ वर्षानुवर्षं लागतात, आणि त्यांची फी घरखर्चातूनच काढावी लागते ना!

आपल्याकडे अशी पाटी नाही, पण नॅशनल ट्रस्टची 'निरामय' योजना आहे. तीत स्वमग्नांना वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो. त्याला दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, तेवढा आधी काढून ठेवा.