बाईंच्या कपाटाची किल्ली



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर संगणकाला हात लावू देत नव्हते. आता दिसायला लागलंय, आणि दिसायला लागलं की बोलावंसं वाटतंच :)

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअप ग्रुपवर वाद झाला. निमित्त होतं सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचं. ३० जानेवारी २०२६ रोजी न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने सांगितलं की पाळीच्या दिवसांतलं आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणून सहावी ते बारावीच्या मुलींना शाळेत सॅनिटरी पॅड मोफत मिळाले पाहिजेत, मग शाळा सरकारी असो की खाजगी. पुतण्याने बातमी टाकली आणि खाली लिहिलं, "आता हेही फुकट! काकू, तुमच्या वेळी कुणी दिलं होतं?"

नाही रे बाबा, कुणी दिलं नव्हतं. म्हणून तर लिहिते आहे. ग्रुपवर उत्तर द्यायला गेलं की अंगठा दुखतो, आणि मधेच कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकतं. तेव्हा हा लेखनप्रपंच. (घरातल्या पुरुष मंडळींनी "हा आपला विषय नाही" म्हणून पुढे जाऊ नये. आपल्याच लेकी-नातींचा विषय आहे.)

आधी 'फुकट' या शब्दाकडे बघू. शाळेत खडू असतो, फळा असतो, घंटा असते, नळाला पाणी असतं. मुलांना आपण "फुकट खडू" देतो असं मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत कधी ऐकलं नाही. शाळा चालायला जे लागतं ते शाळेत असतं, एवढंच. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा कुंकवावर आणि बांगड्यांवर कर नव्हता, पॅडवर मात्र १२ टक्के होता! वर्षभर ओरड झाल्यावर जुलै २०१८ मध्ये तो काढला. म्हणजे बाईने नटावं ही गरज, आणि तिने डाग न पडता वर्गात बसावं ही चैन. त्या वेळी कुणा पुतण्याने ग्रुपवर काही लिहिल्याचं मला आठवत नाही. असो.

आपल्या राज्यात याची सुरुवात झालेली होती, हेही सांगायला हवं. ८ मार्च २०१८ ला 'अस्मिता' योजना आली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना बचत गटांमार्फत आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत. योजना चांगलीच होती, नावं ठेवायची नाहीत. पण मुलीला अडवतात ते पाच रुपये नव्हेत. तिला अडवतं ते मागणं. कुणाकडे तरी जाऊन, तोंड उघडून, "मला हवंय" म्हणणं.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. माझ्याच हातून झालेल्या चुकीने शिकवलंय. ती आजवर कुणाला सांगितली नव्हती.

साधारण १९८६ ची गोष्ट. मी मराठी आणि इतिहास शिकवत होते. त्या काळी पॅड कुणाला परवडत होते! स्टाफरूममधल्या लोखंडी कपाटात मी स्वतःच्या पैशाने कापूस आणि गॉझ ठेवायची. किल्ली माझ्या पर्समध्ये. मुलींना सांगून ठेवलं होतं, "अडचण आली तर बाईंकडे या." मला त्याचा केवढा अभिमान होता! इतर शाळांत तेवढंही नव्हतं ना.

जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. आठवीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. आत चार पुरुष शिक्षक चहा पीत बसलेले. मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "काय गं, तास चालू आहे ना? काय काम आहे?" ती म्हणाली, "काही नाही बाई." आणि गेली.

दप्तर पाठीमागे धरून ती मुलगी भर पावसात घरी चालत गेली, हे मला दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीने सांगितलं. त्यानंतर दर महिन्याला तिचे चार दिवस गैरहजेरी. कारणाच्या रकान्यात मी माझ्या सुंदर अक्षरात लिहायची, "पोटदुखी". नववीच्या मध्यावर तिचं नाव पटावरून कमी झालं. घरच्यांची परिस्थिती होती, लग्नाचं बघत होते, कारणं बरीच असतील. पण त्या दिवशी ती कपाटापासून दहा पावलांवर उभी होती. कापूस होता, गॉझ होतं, बाई होत्या. किल्लीही होती. आणि तिला ते मिळालं नाही.

'अडचण' हा शब्द बघा. पाळीला आपल्याकडे किती नावं! कावळा शिवला, बाहेरची झाली, बाजूला बसली, अडचण आली. सरळ नाव सोडून सगळी. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढून शरीराबद्दल सरळ मराठीत लिहीत होते, पदरमोड करून आणि कोर्टाच्या खेपा घालून. त्याला आता शंभर वर्षं होत आली. आणि आम्ही शिक्षिका मुलींना शिकवत होतो, "अडचण म्हण." मग जिला शब्दच दिला नाही, तिने चार पुरुषांसमोर मागायचं तरी कसं?

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. पॅड बाईंच्या कपाटात नकोत, ऑफिसात नकोत, शिपायाकडे नकोत. ते स्वच्छतागृहात हवेत, दाराच्या आत, हाताला येतील असे. वही नको, सही नको, किल्ली नको, नाणं नको. न्यायालयानेही शक्यतो स्वच्छतागृहाच्या आवारातच ठेवा असं म्हटलंय. 'शक्यतो' या शब्दाची मात्र मला धास्ती वाटते. सरकारी परिपत्रकातला 'शक्यतो' कुठे जाऊन बसतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक! तो थेट बाईंच्या कपाटात जाऊन बसतो.

न मागता मिळालं नाही तर काय होतं, ते जुलै २०२५ मध्ये शहापूरला दिसलं. ठाणे जिल्हा, म्हणजे घाट उतरलं की पलीकडेच. एका खाजगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींना हॉलमध्ये बोलावलं. पडद्यावर त्या डागांचे फोटो दाखवले आणि विचारलं, पाळी कुणाला आलीय? ज्या नाही म्हणाल्या त्यांचे कपडे उतरवून तपासणी केली. मुख्याध्यापिकेला अटक झाली, ते योग्यच झालं. पण मी ती बातमी वाचून रात्रभर जागी होते. त्या बाईंना डाग दिसला आणि पहिला प्रश्न पडला "कुणी केलं?" असा. "तिच्याजवळ काही नव्हतं का?" हा नाही. तोंडाने विचारलेला प्रश्न आणि हाताने केलेली तपासणी यांत फरक मोठा आहे, मान्य. पण रस्ता तोच आहे, आणि "काय गं, काय काम आहे?" हे त्याच रस्त्यावर सुरुवातीला कुठेतरी लागतं.

आमच्या धाकट्या जाऊबाईंचा मुद्दा वेगळा. "आपण कापड वापरलंच ना? काय वाईट झालं?" जाऊबाई नाशकात राहतात. तिथे ऊन आहे. भुशीत येऊन जून ते सप्टेंबर कापड वाळवून दाखवा! इथे धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी आणि पर्यटक दोन्ही वाहत असतात, आणि घरात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. त्यात ते कापड उघड्यावर वाळवायचं नाही. दुसऱ्या कपड्यांच्या खाली, नाहीतर न्हाणीच्या कोपऱ्यात, अंधारात. ओलसर, कुबट कापड पुन्हा वापरायचं. मी केलंय. खाज, पुरळ, जळजळ, सगळं सहन केलंय, आणि डॉक्टरही पुरुष म्हणून सांगितलं नाही. धुवून कडक उन्हात वाळवलेलं कापड उत्तमच. आधी ऊन तेवढं आणून द्या.

कचऱ्याचा मुद्दा खरा आहे, तो मी टाळणार नाही. बहुतेक पॅडमध्ये प्लॅस्टिक असतं, ते कुजत नाही. न्यायालयाने विघटन होणारे द्या म्हटलंय, ते बघू. पण २०१६ च्या घनकचरा नियमांतच कंपन्यांनी पॅडसोबत टाकायची पिशवी द्यावी असं लिहिलेलं होतं, आणि पुण्यातल्या 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायकांना तरीही लोकांना सांगत फिरावं लागलं, की बायांनो, कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, आमचे हात त्यात जातात. तेव्हा पॅड ठेवाल तिथे झाकणाची बादलीही हवी, आणि ती रिकामी करणाऱ्या मावशींना हातमोजे आणि वेळेवर पगार. दाराला कडीही हवी. (किती स्वच्छतागृहांत एकीने आत जायचं आणि दुसरीने दार धरायचं असतं, हे शिक्षणाधिकाऱ्यांनी एकदा दार धरून बघावं.)

आता कॉलेजचं. निकाल बारावीपर्यंतचा. बारावीनंतर पाळी थांबते की काय? माझी नात एफ.वाय.ला आहे. राज्य सरकारने २०२४-२५ पासून ठरावीक वर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. उत्तम केलं. पण फी माफ होऊनही मुलगी महिन्यातले तीन दिवस घरी बसली, तर तो हिशोब कुणी मांडायचा?

नातीच्या कॉलेजात यंत्र आहे हो! भिंतीवर लावलंय, नारळ फोडला होता, फोटोही आले होते. त्यात पाच रुपयांचं नाणं टाकायचं. आजकालच्या मुली वडापावचेही पैसे फोनवरून देतात, नाणं कुठून आणणार? आणि नाणं टाकलं तर ते अडकतं. आता यंत्रावर 'बंद आहे' असा कागद चिकटवलाय, तोही पिवळा पडलाय.

"उघड्यावर ठेवले तर मुली घरी घेऊन जातील," असं तिथल्या एका सरांनी मला तोंडावर सांगितलं. नेऊ देत की! घरी आई आहे, बहीण आहे, त्यांना पाळी येत नाही का? स्कॉटलंडने २०२१ साली कायदा केला, १५ ऑगस्ट २०२२ पासून तो पूर्ण लागू आहे. शाळा, कॉलेज, विद्यापीठ सगळीकडे मोफत, आणि ते सहज आणि मान राखून मिळालं पाहिजे हे कायद्यातच लिहिलंय. तिथल्या मुलींनी पॅडची गोदामं उघडल्याचं मी तरी वाचलं नाही. आपल्याकडे मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये पाटण्यात एका मुलीने भर कार्यक्रमात पॅड मागितले, तर व्यासपीठावरच्या बड्या अधिकारी बाईंनी तिला सुनावलं, की आज हे मागता, उद्या जीन्स मागाल, शेवटी निरोधही मागाल. त्या मुलीने निदान मागितलं तरी. माझ्या आठवीतलीला तेही जमलं नाही.

बोलून झालं, आता केलं काय तेही सांगते. आम्ही तिघी निवृत्त बायका, दर सोमवारी त्या कॉलेजात जातो. मुलींच्या स्वच्छतागृहात खिळा ठोकून प्लॅस्टिकची टोपली अडकवली आहे. सरांनी विचारलं, "नोंद कुठे ठेवायची?" म्हटलं, कुठेच नाही. पहिल्या आठवड्यात चाळीस पॅड ठेवले, बुधवारीच टोपली रिकामी. सरांचा चेहरा बघण्यासारखा होता! दुसऱ्या आठवड्यात शनिवारपर्यंत पुरले. तिसऱ्यात सात उरले.

त्या तिसऱ्या सोमवारी मी टोपली भरत होते, तेव्हा झाडणाऱ्या मावशी फडकं हातात घेऊन दारात घुटमळत होत्या. मी या वेळी मान वर करून बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, यातलं माझ्या पोरीला एक नेलं तर चालंल का?"

आता पन्नास ठेवतो. पुतण्याला हिशोब पाठवला आहे, बघू या सोमवारपर्यंत काय करतो ते.